कोपऱ्यातली पानं

घणसोलीच्या त्या उद्यानात मागच्या भिंतीला लागून एक पत्र्याचं कपाट आहे. आत दोन कुदळी, चार-पाच खुरपी, झारी, पाण्याचा पाइप आणि मुलांना वाटायची भिंगं. या कपाटाची चावी हौसेरावांच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेली असे. रविवारची मंडळी हसायची. क्षिप्रा एकदा म्हणालीही होती, "काका, मी तुम्हाला छानसं कीचेन आणून देते ना."

"नको पोरी. खिसा फाटतो. करगोटा तुटत न्हाई."

रविवारची मंडळी म्हणजे आसपासच्या सोसायट्यांतली दहा-पंधरा माणसं. उद्यानाचा पुढचा भाग गुळगुळीत होता, जॉगिंग ट्रॅक, घसरगुंडी, कारंजं. मागचा भाग मात्र डेब्रिज आणि सुबाभळीच्या रानाने भरलेला. तीन वर्षांपूर्वी या मंडळींनी महापालिकेची परवानगी काढली, डेब्रिज उचलवलं, सुबाभूळ उपटली आणि तिथे करंज, बहावा, आपटा, कांचन अशी इथलीच झाडं लावायला सुरुवात केली. महिन्यातून एकदा शाळेची मुलं आणायची आणि त्यांना मातीत बसवून शिकवायचं, हा क्षिप्राचा हट्ट. ती ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. हिशेबी, टापटिपीचे सुभाषराव बँकेतून निवृत्त झालेले. परवानग्या, पत्रं, पालिकेच्या फेऱ्या त्यांच्याकडे.

आणि हौसेराव? त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. एका रविवारी ते बाकावर बसले होते. समोर चार तरुण खताचं एक पोतं चार कोपऱ्यांना धरून, कण्हत-कुंथत उचलू पाहत होते. हौसेरावांनी थोडा वेळ बघितलं, मग त्यांना बघवेना.

"अवं सरका. मान मोडंल तुमची."

त्यांनी पाठ वाकवली, पोतं एका हिसक्यात पाठीवर घेतलं आणि विचारलं, "कुटं टाकू?" वय एकसष्ट. त्या दिवशी अकरा पोती झाली. पुढच्या रविवारी ते साडेसहालाच हजर. मग बुधवारीही. मग रोज. महिना-दोन महिन्यांत चावी त्यांच्याकडे आली, कारण सकाळी सहाला रोपांना पाणी घालायला दुसरं कोणी येत नव्हतं.

ती चावी कमरेला आली त्या दिवशी हौसेराव दोनदा स्वतःशीच हसले. कारण तिच्यामुळे आता कुठेतरी, कुणालातरी, सकाळी सहा वाजता ते लागणार होते.

तसं लागणं त्यांनी आयुष्यभर अनुभवलं होतं. बाजार वाशीला हलला त्या सुमाराला ते जावळीतल्या गावाहून आले, सतरा-अठरा वर्षांचे. कांदा-बटाट्याच्या बाजारात माथाडी झाले. वीस जणांची टोळी होती. एक माणूस आला नाही तर मुकादम सकाळीच आरोळी द्यायचा, "हौश्या कुटं मेला रं?" त्या आरोळीत केवढी माया होती, ते टोळी सुटल्यावर कळलं. घणसोली गावात एका खोलीत गावाकडचे सहा जण राहायचे. भिंतीला सहा खुंट्या. बायका-पोरं गावाला. एकेक जण निवृत्त झाला, एकेक सदरा खुंटीवरून उतरला. शेवटी हौसेरावही निवृत्त झाले, पत्र्याची पेटी घेऊन गावी गेले. कायमचे.

कायमचे म्हणजे साडेतीन महिने.

गावात कोणी वाईट वागलं नाही. तीच तर अडचण होती. बाळाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चाळीस वर्षं घर एकटीने चालवलेलं. कोणत्या वावरात कधी काय, कोणत्या म्हशीला कुठला चारा, सगळं तिच्या बोटांवर. मुलगा कृष्णात तालुक्याला नोकरीला, सून घरात. हौसेराव ओटीवर आले की सुनेचं चाललेलं बोलणं थांबायचं, ती पदर सावरून आत जायची. म्हैस त्यांना हात लावू देईना. आठवडाभर तर घरचं कुत्रंच त्यांच्यावर भुंकत होतं. काही करायला उठले की बाळाबाई म्हणायच्या, "बसा की वो. दमून आलाय."

"कुटनं दमून आलू? सकाळधरनं बसलूयच की."

आणि चहा. बाळाबाई त्यांना चहा कपबशीतून द्यायच्या. निळी वेल असलेली कपबशी. घरातली बाकी माणसं पितळेच्या किंवा स्टीलच्या पेल्यातून प्यायची. ती कपबशी पाहुण्यांसाठी ठेवलेली, आणि हौसेराव जत्रेला, दिवाळीला यायचे तेव्हा त्यांच्यासाठी. तिसरा महिना लागला तरी चहा त्याच कपबशीत येत होता. बाळाबाईंच्या मनात आदरच होता, हेही त्यांना कळत होतं. पण एका सकाळी ती बशी हातात घेतली आणि त्यांना एकाएकी वाटलं, की आपली परतीची गाडी कधीची आहे हे विचारायला हवं.

"बाजारातनं बोलावनं आलंय," ते म्हणाले. कोणी बोलावलं नव्हतं.

घणसोलीची खोली अजून त्यांच्याच नावावर होती. ते परतले, पहिल्या खुंटीला सदरा अडकवला. पाच खुंट्या मोकळ्या. आणि उद्यानात जायला लागल्यावर फोनवर सांगायला एक खरी वाटेल अशी गोष्ट मिळाली.

"बागंत ड्यूटी लागलीय."

"कंदी येताय मग?"

"रजा न्हाई मिळत."

चाळीस वर्षं हेच वाक्य त्यांनी म्हटलं होतं. जिभेला सवय होती. बाळाबाई "बरं" म्हणायच्या आणि पुढे, "जेवलासा का?"

हे सगळं होऊन गेल्यावरची ही फेब्रुवारीतली गोष्ट. पानगळ सुरू झाली होती. मागच्या कोपऱ्यात, गेल्या वर्षीच्या पानांवर, नव्या वाळक्या पानांची रास जमायला लागली. एका रविवारी क्षिप्रा त्यांना म्हणाली, "काका, ही पानं कोणाला उचलू देऊ नका हं. जूनपर्यंत राखायचीत आपल्याला. जूनमध्ये लागणारेत."

हौसेराव तिच्याकडे बघतच राहिले. शहरातली, शिकलेली पोर, आणि हिला राब ठाऊक!

त्यांच्या गावाकडे, ते लहान असताना, सगळा उन्हाळा याच कामात जायचा. पाला, काटक्या, शेणी गोळा करायच्या, राखून ठेवायच्या, आणि पावसाच्या आधी भाताची रोपं करायच्या वाफ्यावर पसरून जाळायच्या. त्याला राब भाजणं म्हणत. तण मरतं, माती भुसभुशीत होते, राखेत रोप काळंभोर येतं. हौसेरावांना तो भाजल्या मातीचा वास अजून येई. इथे उद्यानातही रोपांचा वाफा होताच. गेल्या वर्षी त्यात करंजाचं बी पेरलं तर शंभरातलं दहासुद्धा उगवलं नव्हतं, असं सुभाषराव तणतणत सांगायचे. तर यंदा ही मंडळी राब भाजणार होती. वा!

क्षिप्राने पानं का राखायची, ते सविस्तर सांगितलंही होतं. पण व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर. हौसेरावांकडे बटणांचा फोन.

मग ते चार महिने पानांचे राखणदार झाले. पालिकेचा झाडूवाला काळी पिशवी घेऊन आला की हे आडवे. "हात लावायचा न्हाई. बाईंचं काम हाय." वाऱ्याने पानं पांगली की हाताने गोळा करून परत रचायची. भोवती सुतळी बांधली. मधूनमधून क्षिप्रा येऊन पानं हळूच उचलून खाली काहीतरी बघायची, फोटो काढायची. पाला चांगला वाळलाय का बघते, असं त्यांना वाटे. मार्चमध्ये मुलंही भिंगं घेऊन पानांत वाकली होती, तो पोरांचा खेळ समजून ते झारी घेऊन लांबच राहिले. एकदा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आपल्या पानांची खरी काळजी एकटे काका घेतात." त्या संध्याकाळी त्यांनी खोलीवर पिठलं-भाकरीऐवजी अंड्याची आमटी केली. एकट्यासाठी दोन अंडी.

मे संपत आला. सोसायट्या ओस पडल्या, लोक गावाला, कोणी थंड हवेच्या ठिकाणी. क्षिप्रा चिपळूणला आईकडे, सुभाषराव मुलीकडे. रविवारी तीनच माणसं आली आणि पाणी घालून गेली. हौसेराव रोज आभाळाकडे बघत. पूर्वेला ढग चढायला लागले होते. एक वळीव पडला की पाला भिजणार, मग राब कसला आणि रोप कसलं? मंडळी विसरली बिचारी, कामात आहेत, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं. टोळीत एखादा कमी पडला तर त्याचं पोतं दुसरा उचलतो. त्यात विचारायचं काय?

शुक्रवारी पहाटे साडेपाचला त्यांनी कामाला हात घातला. गावठाणातल्या तबेल्यातून दोन पाट्या शेण आधीच आणून वाळवलेलं. वाफ्यावर खाली शेण, त्यावर काटक्या, त्यावर पानं, वरून मातीचा पातळ हात. चारही बाजूंना ओली गोणपाटं. पानं हलवण्याआधी त्यांनी काठीने रास हळूहळू थोपटली. आई असंच करायची. राब भाजण्याआधी रास थोपटून म्हणायची, "निघा रं लेकरांनू, निघा." साप-किरडू, सरडा, जे काही आत असेल ते बाहेर जावं म्हणून. हौसेरावही म्हणाले. दोन सरडे पळाले, एक विंचू गेला, पुष्कळ किडामुंगी गेली. मग वारा जिकडे जात होता त्या कडेकडून पेटवलं, म्हणजे जाळ पुढे झेपावत नाही, मागे मागे सावकाश येतो. अर्ध्या तासात सगळं शांत झालं. वरून राख कशी एकसारखी पसरलेली. पन्नास वर्षांनी केलं, पण हात विसरला नव्हता.

समोरच्या टॉवरमधल्या कोणीतरी धुराचा व्हिडिओ काढून पालिकेला पाठवला होता, हे त्यांना माहीत नव्हतं.

रविवारी मंडळी गावाहून परतायची होती. हौसेराव स्वच्छ सदरा आणि कडक टोपी घालून वाफ्यापाशी उभे होते. आधी सुभाषराव आले, जवळजवळ धावत.

"हौसेराव, हे काय करून ठेवलंत? अहो, पालिकेचं पत्र आलंय मला! उद्यानात पाला जाळायला बंदी आहे. पुन्हा झालं तर आपली परवानगीच रद्द. तीन वर्षांचं काम आहे हे!"

"पन राब भाजायचा हुता न्हवं? बाईच बोलल्या, जूनला लागनार…"

"कसला राब?"

क्षिप्रा त्यांच्या मागून आली. ती मोकळ्या कोपऱ्यात गेली, उकिडवी बसली, जमिनीवर हात ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिने फोन काढून त्यांना फोटो दाखवले. पानाच्या उलट बाजूला चिकटलेला तपकिरी कोष. दुसऱ्या पानाखाली आणखी एक. हात लावला की गोल गोल होणारा वाणी किडा. काजव्याची अळी.

"काका, या पानांत हे सगळे राहत होते. गेल्या वर्षीपासून. मार्चमध्ये मुलांनी सतरा कोष शोधले होते. पुढच्या रविवारी मुलं येणारेत, कोषांतून कोण बाहेर आलं ते बघायला."

"मंजी पानं… ह्यांच्यासाठी?"

"ह्यांच्यासाठीच."

"म्या थोपटली हुती रास. निघा म्हनलं हुतं." हौसेरावांचा आवाज खाली गेला. "पाय हुतं ते गेलं असतील. पन ह्ये…"

कोषाला पाय नसतात. 

"काका, थोडे दिवस चावी माझ्याकडे असू द्या," सुभाषराव म्हणाले. आता जरा हळू. "रागाने नाही म्हणत. पालिकेला काहीतरी सांगावं लागेल ना मला."

हौसेराव पाठमोरे वळले आणि गाठ सोडू लागले. वर्षभराची, घामाने घट्ट बसलेली गाठ. सुटेना. सगळे उभे. सुभाषराव म्हणाले, "कात्री आहे ना आपल्याकडे," आणि मग त्यांनाच आठवलं की कात्री कपाटात आणि कपाटाला कुलूप. कोणी हसलं नाही. हौसेरावांनी एक झटका दिला. करगोटा तुटला.

त्यानंतरचे दिवस. सकाळी पाचला डोळे उघडत. चहा होई, दाढी होई, सहा वाजत. मग पुढे काय करायचं? खोलीत बसून ते शेजारच्या भाडेकरूंच्या मोटारसायकली एकेक सुरू होताना ऐकत. मंगळवारी बस पकडून बाजारात गेले. त्यांच्या गाळ्यावर सगळी नवीन पोरं. एकाने विचारलं, "काय पायजे बाबा? रिटेल पुढच्या बाजूला." त्यांनी दोन किलो कांदे घेतले, नको असताना, आणि परतले.

संध्याकाळी बाळाबाईंचा फोन आला.

"काय वो, आवाज का असा? ताप हाय का?"

"न्हाई."

"मग?"

हौसेरावांनी भिंतीवरच्या मोकळ्या खुंट्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "म्या राब भाजला."

"काय?"

"हितं, बागंत. पाला राखलेला हुता. मला वाटलं, राबासाठी."

"अवं, राब कोन भाजतंय आता?" बाळाबाईंना हसू आलं. "इस-पंचवीस वर्सं झाली बंद करून. पाला तोडायला मानसं कुटं हायत? भाताचा तरवा तसाच टाकतो आमी."

हे हौसेरावांना ठाऊक नव्हतं. जत्रा चैत्रात असायची, राब वैशाखात. राबाच्या वेळेला ते कायम बाजारात. आपल्याच वावरात पंचवीस वर्षं राब पेटला नाही आणि आपण तो मनात जपत बसलो. त्यांनी मग सगळं सांगितलं. कोष, पालिकेचं पत्र, चावी. सांगता सांगता जिभेवरची सवय निसटली आणि दुसरंही बाहेर पडलं.

"अगं, ड्यूटी-बिटी काय न्हाई. मला कुनी लावलेलंच न्हाई हितं. म्या आपलाच जात हुतो."

पलीकडे म्हैस हंबरल्याचा आवाज आला. मग बाळाबाई म्हणाल्या, "ठावं हाय मला."

"कवापास्नं?"

"कृष्णात म्हनला हुता दिवाळीला. पगाराची ड्यूटी नसती म्हनं तसली." मागे बादलीचा आवाज झाला. "मग काय झालं? मला तरी हितं कुनी लावलं हुतं? तुमी गेलासा, मी लागले कामाला."

चाळीस वर्षांत बाळाबाईंनी असं काही म्हटलं नव्हतं. हौसेरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.  मग त्याच म्हणाल्या, "जाळलीसा तर परत आना की पानं. त्यात काय एवडं? झाडं काय तुमच्या एकट्याच्याच बागंत हायत?"

दुसऱ्या दिवशी हौसेराव चार रिकामी गोणपाटं घेऊन निघाले. सोसायट्यांच्या आवारात सफाईवाले पानांच्या पिशव्या भरून गेटपाशी ठेवतात. हे वॉचमनपाशी जाऊन उभे राहत.

"पानं पायजेत."

"कसली पानं? तुळशीची?"

"वाळकी. कचऱ्यातली."

"पागल झालात का बाबा? न्या. सगळी न्या."

गोण भरायची, तोंड शिवायचं, पाठीवर घ्यायची. पानांना वजन ते काय! पाठीला कळतही नव्हतं की काही आहे. नव्वद किलोची पोती उचललेल्या माणसाला तो हलकेपणाच जड जात होता. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. उद्यानाच्या वॉचमनने एकदा हटकलं, मग गोण खाली घ्यायला हात दिला. शनिवारी दुपारपर्यंत कोपऱ्यात पुन्हा रास उभी राहिली. आधीपेक्षा मोठी. हौसेरावांनी ती दाबून थप्पीसारखी रचली आणि मग आठवून परत सैल केली. आत कुणाला राहायचं असेल तर जागा हवी.

रविवारी मुलं आली, पालिकेच्या शाळेतली चोवीस. क्षिप्राने कार्यक्रम रद्द केला नव्हता. हौसेराव दूर, बाकावर बसले होते. तिने रास बघितली, त्यांच्याकडे बघितलं आणि मुलांना तिथेच नेऊन बसवलं. भिंगं वाटली. मुलांनी पानं उचलली, खाली वाकली, कुजबुजली. मग राजनंदिनी नावाची दोन वेण्यांची मुलगी उठून उभी राहिली. मार्चमधले सतरा कोष हिनेच मोजले होते.

"टीचर, ही आपली पानं नाहीत. आपली कुठे गेली?"

क्षिप्रा उत्तर जुळवत होती, तेवढ्यात हौसेराव बाकावरून उठून आले. टोपी हातात.

"म्या जाळली."

मुलांनी भिंगं खाली घेतली.

"चुकून?" राजनंदिनीने विचारलं.

"न्हाई बाय. मुद्दाम. चांगलं वाटलं म्हनून."

"मग आतले कोष?"

"ते बी जळले."

तिने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मुलं बघतात तसं, डोळे न हलवता. "सॉरी बोला मग."

"कुनाला?"

तिने पानांकडे बोट दाखवलं. सुभाषराव काहीतरी म्हणायला पुढे झाले, क्षिप्राने त्यांचा हात धरला. हौसेराव रासेपाशी वाकले. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. मग राजनंदिनीच म्हणाली, "बरं, झालं," आणि खाली बसली.

"टीचर, आता नवीन कधी येणार?"

"पानं आलीत," क्षिप्रा म्हणाली, मुलांशी आणि त्यांच्याशीही. "पण पानं म्हणजे नुसतं घर झालं. राहायला कोण येईल, कधी येईल, सांगता येत नाही. एक पावसाळा जाईल. कदाचित वर्ष. कदाचित दोन."

"पण आले की कळणार कसं? रोज कोण बघणार?"

"म्या हाय की," हौसेराव म्हणाले.

चावी परत आली नाही. सुभाषराव आता रोज सातला येऊन कपाट उघडतात, हौसेरावांना झारी देतात, काम झालं की परत घेतात. राखेच्या वाफ्यात पेरलेलं करंजाचं बी जूनअखेरीला असं उगवलं, की मंडळींना रोपं विरळ करावी लागली. आपटाही आला, बहावाही.  एकदा सुभाषराव वाफ्यापाशी उगाच रेंगाळले, एका रोपाचं पान अंगठ्याने पुसलं आणि म्हणाले, "बरी आलीत," आणि झारी घेऊन गेले.

हौसेराव मात्र अजून सहालाच येतात. पाणी घालायला तासभर अवकाश असतो. तेवढ्यात ते कोपऱ्यात जातात. राजनंदिनीची शाळा सकाळची. ती कुंपणाच्या जाळीपाशी थांबते, पाठीवर दप्तर, डोक्यावर रेनकोटची टोपी.

"आजोबा, आले?"

"न्हाई अजून."

"नीट बघितलं?"

"बगितलं."

ती जाते. संध्याकाळी बाळाबाईंचा फोन येतो. हल्ली त्या रजेचं विचारत नाहीत. भात लावणी कुठवर आली ते सांगतात, म्हैस आटली ते सांगतात. ती निळ्या वेलीची कपबशी नातवाने फोडली, हेही असंच सांगता सांगता सांगून टाकलं.

"आलं का किडं तुमचं?"

"न्हाई."

"येतील. जेवलासा का?"

"जेवलू."

मग फोन बंद होतो आणि खोलीत पंख्याचा आवाज तेवढा उरतो.

परवा राजनंदिनीला ताप होता बहुतेक, ती जाळीपाशी आली नाही. पाऊस भुरभुरत होता. ट्रॅकवर कोणी नव्हतं. हौसेराव सात वाजेपर्यंत जाळीकडे बघत उभे राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून खाली बसले आणि त्यांनी कडेचं एक ओलं पान दोन बोटांनी, देठाला धरून उचललं. पान खालून काळपट झालं होतं, मातीला चिकटायला लागलं होतं. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा बघितलं. खाली कोणी नव्हतं.

त्यांनी ते पान होतं तसं, उलटी बाजू खाली करून, परत ठेवून दिलं.